मृग लागतो तेव्हा मृग दिसतच नाही, मग पूर्वीच्या लोकांना सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे ते कळायचं कसं?

बांधावरचा

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आमच्याकडे पारनेर भागात ७-८ जूनला मृग निघाला की पेरणीची गडबड सुरू होते, त्याआधी रोहिण्या, नंतर आर्द्रा, मग तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, हे सगळं आजोबांपासून ऐकत आलोय. दिनदर्शिकेवर तर सरळ छापलेलं असतं की अमुक तारखेला इतके वाजून इतक्या मिनिटांनी सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश.

आता अडचण अशी की सूर्य ज्या नक्षत्रात आहे ते नक्षत्र सूर्याबरोबरच उगवणार आणि सूर्याबरोबरच मावळणार, म्हणजे दिवसभर ते डोक्यावर असलं तरी उजेडात दिसायचं नाही. यंदा मी मुद्दाम लक्ष ठेवलं, मेच्या सुरुवातीला तिन्हीसांजेला मृग पश्चिमेला दिसत होता, मग खालून एकेक तारा कमी होत गेला आणि महिना सरता सरता सगळाच गायब. म्हणजे मृग लागला म्हणतात तेव्हा नेमका तोच आकाशात नसतो. आज मोबाईलमधलं अॅप सांगतं ठीक आहे, पण दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे दुर्बीण नव्हती त्यांनी कशावरून ठरवलं की सूर्य आत्ता मृगातच आहे, आर्द्रात नाही? वाहन कोल्हा का बेडूक हे नकोय मला, बघायचे कसे तेवढं सांगा. बाहेरच्या देशांतल्या जुन्या लोकांबद्दल कोणाला माहीत असेल तर तेही लिहा.

पहाटतारा

तुम्ही जे केलंत ना, मृगाचे तारे संध्याकाळच्या उजेडात एकेक करून बुडताना बघितले, तेच पूर्वीच्या लोकांनी केलं, फक्त शेकडो वर्षं केलं आणि लिहून ठेवलं. सूर्य कुठल्या ताऱ्यांत आहे ते थेट बघता येत नाही हे खरंच आहे, पण सूर्याच्या अलीकडे काय आहे आणि पलीकडे काय आहे ते बघता येतं. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला सगळ्यात खाली जो तारा दिसतो तो सूर्याच्या पुढचा, आणि पहाटे सूर्य उगवायच्या आधी पूर्वेला सगळ्यात खाली जो नुकता दिसायला लागलाय तो सूर्याच्या मागचा. सूर्य ह्या दोघांच्या मधे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग नसतील तर पहाटे ईशान्येला अगदी क्षितिजालगत कृत्तिकांचा पुंजका नुकता परत दिसायला लागलेला असतो, आणि संध्याकाळी पश्चिमेला पुनर्वसूचे दोन तारे अजून चांगले वर असतात. कृत्तिका आणि पुनर्वसूच्या मधे काय राहिलं तर रोहिणी, मृग, आर्द्रा. झालं, सूर्य तिथेच कुठेतरी.

तारा काही दिवस सूर्याच्या उजेडात हरवतो आणि मग एका पहाटे पहिल्यांदा परत दिसतो, त्याला आपल्याकडे उदय म्हणतात, पंचांगात अगस्तीचा उदय असतो बघा भाद्रपदाच्या आसपास, तोच प्रकार. इजिप्तच्या लोकांनी व्याधाचा, म्हणजे रात्रीच्या आकाशातल्या सगळ्यात ठळक ताऱ्याचा, असा उदय धरून ठेवला होता. व्याध सुमारे ७० दिवस दिसायचा नाही आणि मग ज्या पहाटे दिसायचा त्याच सुमाराला नाईलला पूर यायचा, म्हणजे त्यांचं सगळं शेतीचं वर्ष तिथून सुरू. नुसता व्याधच नाही, त्यांनी असे ३६ तारे आणि तारकागट निवडले होते, साधारण दर १० दिवसांनी त्यातला एकेक नवीन पहाटे उगवताना दिसायचा आणि रात्री त्यांच्या उगवण्यावरून किती प्रहर झाले तेही ते मोजायचे. शवपेटीच्या झाकणांच्या आतल्या बाजूला ह्या ताऱ्यांचे तक्ते रंगवलेले सापडलेत, इ.स.पू. २००० च्या आसपासचे.

बांधावरचा

भारी सांगितलंत दादा, धन्यवाद. पण एक शंका आहे, कृत्तिका ते पुनर्वसू हे अंतर केवढं मोठं आहे, त्यात तीन नक्षत्रं बसतात. सूर्य रोहिणीत का मृगात हे एवढ्यावरून कसं ठरणार? आणि दिवसाची तारीख कशी काढली? पहाटे धुकं असलं, ढग असले तर दोन-चार दिवस इकडे-तिकडे होणारच.

पहाटतारा

होणारच, म्हणून दुसरा उपाय, पौर्णिमा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोब्बर समोर असतो आणि चंद्राभोवतीचे तारे दिसतात, म्हणजे चंद्र कुठे आहे ते बघा आणि तिथून अर्धं आकाश पलीकडे सूर्य. आपले महिने ह्याच हिशोबावर उभे आहेत, चैत्रात पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ, ज्येष्ठात ज्येष्ठेजवळ, कार्तिकात कृत्तिकांजवळ.

तुमच्या रोहिण्यांचं तर फार सुंदर उदाहरण आहे. रोहिणीचा लाल तारा आणि ज्येष्ठेचा लाल तारा आकाशात जवळजवळ १८० अंशांवर, अगदी समोरासमोर आहेत. १ जूनच्या आसपास सूर्य रोहिणीच्या ताऱ्याजवळ असतो, तेव्हा इकडे सूर्य बुडतो आणि तिकडे आग्नेयेला ज्येष्ठा उगवते. अंधार पडेपर्यंत ती चांगली हातभर वर आलेली असते. म्हणजे रोहिणी दिसत नसली तरी ज्येष्ठा सूर्यास्ताला उगवतेय हे बघून सांगता येतं की रोहिण्या चालू आहेत. तुमच्या शिवारातून पूर्व-दक्षिणेची बाजू मोकळी असेल तर हे नक्की बघा, अॅपची गरज नाही.

मैत्रेयी_ठाणे

पहाटे बघायची पद्धत आपल्याकडे किती जुनी आहे त्याचा पुरावाच आहे. तैत्तिरीय ब्राह्मण ह्या वैदिक ग्रंथात स्पष्ट सांगितलंय की कर्मासाठी पुण्य नक्षत्र हवं असेल तर ते पहाट व्हायच्या सुमाराला बघून निश्चित करावं, कारण सूर्य वर आला की नक्षत्र दिसेनासं होतं. म्हणजे बांधावरचे दादा, तुमची शंका त्यांना तेव्हाच आली होती आणि त्यावर त्यांनी बघायचा नियम घालून दिला होता. शुक्ल यजुर्वेदात वेगवेगळ्या कामधंद्यांच्या माणसांची लांबलचक यादी येते, त्यात नक्षत्रदर्श नावाचा माणूस आहे, नक्षत्रं बघणं हेच ज्याचं काम. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आपण बहुतेक वेळा फक्त नंतरचं गणित सांगतो, आर्यभट, भास्कराचार्य वगैरे, पण त्या गणिताच्या कितीतरी आधी कोणीतरी रोज पहाटे उठून नुसतं बघत होतं.

भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिणाऱ्या आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शतपथ ब्राह्मणातल्या एका वाक्याकडे लक्ष वेधलं होतं, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असं ते वाक्य. कृत्तिका आज बरोबर पूर्वेला उगवत नाहीत, बऱ्याच उत्तरेकडे सरकून उगवतात. त्या ठीक पूर्वेला कधी उगवत असतील असं उलटं गणित करून त्यांनी इ.स.पू. ३००० च्या आसपासचा काळ काढला. त्या वाक्याचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा का ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण एका ओळीतल्या निरीक्षणावरून काळ काढायचा हा विचार १८९६ साली मराठीत छापून आला, ह्याचं मला खरंच कौतुक आहे.

माती_आणि_वीट

कृत्तिकांचा विषय निघालाच आहे तर बॅबिलोनचं सांगतो, कारण बांधावरच्यांना पाहिजे तसं 'कसं बघायचं' हे त्यांनी मातीच्या पाट्यांवर लिहूनच ठेवलंय. मुल-अपिन नावाचा एक संग्रह आहे, दोन पाट्यांचा, मजकूर साधारण इ.स.पू. १००० च्या सुमाराला जमवलेला मानतात आणि त्याच्या इ.स.पू. सातव्या शतकापासूनच्या प्रती मिळाल्यात. त्यात कुठला तारा कुठल्या महिन्याच्या कितव्या दिवशी पहाटे पहिल्यांदा दिसतो ह्याची यादी आहे, कुठला तारा उगवताना कुठला मावळतो त्याची जोड्यांची यादी आहे, म्हणजे वर रोहिणी-ज्येष्ठा सांगितलं अगदी तसंच.

आणि त्यातला अधिक महिन्याचा नियम बघा. वर्षाच्या पहिल्या महिन्यात, निसान्नूत, १ तारखेची चंद्रकोर कृत्तिकांजवळ दिसली तर वर्ष नेहमीचं. तीच गाठ ३ तारखेला पडली तर वर्षात एक महिना जास्त घालायचा. कारण सरळ आहे, चंद्र दिवसाला साधारण १३ अंश पुढे जातो, तो कृत्तिकांपर्यंत पोचायला दोन दिवस जास्त लागले ह्याचा अर्थ अमावास्येला सूर्य आणि चंद्र कृत्तिकांच्या तेवढे मागे होते, म्हणजे कॅलेंडर सूर्याच्या पुढे पळालंय. एक कोर, एक पुंजका, ह्यावरून अख्ख्या राज्याचं कॅलेंडर जागेवर आणायचं. पुढे इ.स.पू. पाचव्या शतकापर्यंत त्यांनी हे १९ वर्षांत ७ अधिक महिने असं पक्कं बसवून टाकलं, कारण १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास जवळजवळ सारखे भरतात. आपला अधिक मास साधारण ह्याच प्रमाणात येतो.

पौर्णिमा बरोबर कधी झाली हे सुद्धा ते मोजायचे. पौर्णिमेच्या आसपास एका सकाळी चंद्र आधी मावळतो आणि मग सूर्य उगवतो, दुसऱ्या सकाळी उलटं होतं. ह्या मधल्या वेळा ते मोजायचे, आणि त्यांचं माप होतं दिवस-रात्रीचे ३६० भाग, म्हणजे एक भाग आपल्या ४ मिनिटांचा. ह्या वेळांवरून सूर्य-चंद्र समोरासमोर नक्की केव्हा आले ते निघतं.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते म्हणजे त्यांच्या रोजनिश्या. मिळालेल्यांपैकी सगळ्यात जुनी इ.स.पू. ६५२ ची आणि शेवटची इ.स.पू. ६१ ची, म्हणजे जवळपास सहाशे वर्षं एकच काम चालू, राज्यं बदलली, पर्शियन आले, ग्रीक आले, पार्थियन आले, तरी हे चालूच. चंद्र कुठल्या ताऱ्यापासून किती हात दूर होता, कुठला ग्रह दिसेनासा झाला, आणि त्याच पाटीवर एका शेकेल (तिथलं वजनाचं माप) चांदीला बार्ली किती, खजूर किती, तीळ किती, लोकर किती आणि फरात नदीचं पाणी किती चढलं-उतरलं. आणि जिथे ढग होते तिथे लिहिलंय की ढग होते, पाहिलं नाही. न बघता भरून टाकलं नाही. ग्रहणांचं १८ वर्षं आणि ११ दिवसांचं चक्र, २२३ चांद्रमासांचं, हे अशा नोंदींतूनच हाती लागलं.

ऑकलंडकर

मी न्यूझीलंडमध्ये राहते, इथे तर कृत्तिकांच्या ह्याच उदयावर सरकारी सुट्टी आहे. माओरी लोक कृत्तिकांना मातारिकी म्हणतात आणि त्या जून-जुलैत पहाटे परत दिसल्या की त्यांचं नवं वर्ष. २०२२ पासून ही राष्ट्रीय सुट्टी झाली, पहिली २४ जून २०२२ ला. तारीख दरवर्षी बदलते कारण नुसता तारा दिसून चालत नाही, त्या चांद्रमासातल्या शेवटच्या अष्टमीच्या आसपासच्या रात्री असाव्या लागतात, म्हणजे तारा आणि चंद्र दोन्ही जुळवायचे. २०५२ पर्यंतच्या तारखा कायद्यातच देऊन ठेवल्यात.

आम्ही इथले काही मराठी लोक पहाटे टेकडीवर गेलो होतो, थंडी मरणाची असते तेव्हा, इकडे हिवाळा ना. तिथल्या एका माओरी आजींनी एकेका ताऱ्याचं नाव घेऊन सांगितलं, एक गेलेल्या माणसांचा, एक जमिनीत येणाऱ्या पिकाचा, एक झाडावर येणाऱ्या फळांचा आणि पक्ष्यांचा, एक गोड्या पाण्याचा, एक समुद्राचा, एक पावसाचा, एक वाऱ्याचा. जो तारा ठसठशीत दिसेल ती गोष्ट त्या वर्षी चांगली, जो अंधुक त्याची काळजी. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही जमाती मात्र मातारिकी न धरता पुआंगा धरतात, म्हणजे आपल्या मृगातला राजन्य, कारण त्यांच्या भागातून मातारिकी नीट दिसत नाहीत. ज्याला जे आकाश मिळालं त्याने त्यातला तारा धरला. बांधावरचे दादा, तुमच्याकडे पेरणीची लगबग असते त्याच दिवसांत इकडे लोक त्याच आकाशाकडे बघत उभे असतात, मला हे वाचून फार आपलं वाटलं.

माती_आणि_वीट

@ऑकलंडकर तारा अंधुक दिसण्याबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून, पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगराळ भागातले शेतकरी हेच करतात, जूनच्या शेवटी पहाटे कृत्तिका बघतात, मोठ्या आणि स्पष्ट दिसल्या तर पाऊस वेळेवर, अंधुक दिसल्या तर पाऊस उशिरा म्हणून बटाट्याची लागवड पुढे ढकलायची. २००० साली ह्यावर नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यात दिसलं की एल निन्योच्या वर्षांत तिथे खूप उंचावर पातळ ढगांचा थर जास्त असतो, डोळ्याला ढग म्हणून दिसत नाही पण तारे मंद करतो, आणि त्याच वर्षांत तिथे पाऊस कमी पडतो. म्हणजे त्यांचा आडाखा खराच आहे, आणि तो नुसता ताऱ्याचा नाही, मधल्या हवेचा आहे. आपल्याकडे हा तसाच्या तसा लागू करू नये कोणी, आपला पाऊस वेगळा, जूनमध्ये आकाश मोकळं मिळणंच मुश्कील.

बांधावरचा

वाचून थक्क झालो सगळ्यांचं. अजून एक विचारतो, आजोबा म्हणायचे मृगाचा पाऊस चुकत नाही, आणि आता दर वर्षी लोक म्हणतात मृग कोरडा गेला. पाऊस बदलला हे एक झालं, पण मृगाची तारीख तरी हजार वर्षांपूर्वी हीच होती का?

पहाटतारा

नव्हती, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं. पृथ्वीचा आस हळूहळू घुमतो, त्यामुळे ऋतूंच्या मानाने सूर्याची नक्षत्रातली तारीख साधारण दर ७२ वर्षांनी एक दिवस पुढे जाते. हजार वर्षांत सुमारे दोन आठवडे. म्हणजे आजच्या कॅलेंडरच्या भाषेत हजार वर्षांपूर्वी मृग मेच्या शेवटच्या आठवड्यात लागत होता. आजोबा ते नातू एवढ्या काळात एखादा दिवस, त्यामुळे कोरड्या मृगाचा दोष ह्याच्यावर टाकता येणार नाही, पण खूप जुन्या म्हणी आणि आडाखे आजच्या तारखांना लावताना हे ध्यानात ठेवायला पाहिजे.

ही गोष्ट पकडली कशी तेही तुमच्या मूळ प्रश्नाचंच उत्तर आहे. हिप्पार्कस नावाचा ग्रीक ज्योतिर्विद, इ.स.पू. दुसरं शतक. त्याने पौर्णिमेपेक्षाही पक्की वेळ निवडली, चंद्रग्रहण. ग्रहणात चंद्र पृथ्वीच्या सावलीत असतो म्हणजे सूर्याच्या अगदी नेमका समोर, आणि काळवंडलेल्या चंद्राजवळचे तारेही नीट दिसतात. त्याने त्या वेळी चित्रा तारा चंद्रापासून किती अंतरावर आहे ते मोजलं. सूर्य कुठे आहे ते संपातानंतर, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसानंतर, किती दिवस झाले ह्यावरून काढलं, आणि चित्रा शरद संपातापासून ६ अंशांवर आली. त्याच्या दीडशे-एक वर्षं आधी अलेक्झांड्रियात टिमोखारिसने हेच मोजलं होतं तेव्हा ८ अंश आले होते. दोन अंशांचा फरक. दुसरा कोणी असता तर जुन्याची चूक म्हणून सोडून दिलं असतं, ह्याने जुन्या नोंदीवर विश्वास ठेवला आणि म्हणाला की सगळं तारामंडळच सरकतंय, शंभर वर्षांत निदान एक अंश.

आणि तोच चित्रा तारा आज आपल्याकडे आहे, बहुतेक पंचांगांत नक्षत्रचक्राची सुरुवात चित्रेच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून धरतात. टिळक पंचांग रेवतीतल्या ताऱ्यापासून धरतं, म्हणून त्यात सूर्याचा नक्षत्रप्रवेश तीन-चार दिवस आधी येतो. गावात दोन पंचांगं असली तर मृगाच्या दोन तारखा का, हे त्यामुळे.

बांधावरचा

अच्छा म्हणजे आमच्याकडे चुलत्यांच्या पंचांगावरून दरवर्षी जो वाद होतो तो ह्यामुळे होय! आता सांगा, मला स्वतःला सूर्याचं नक्षत्र काढून बघायचं असेल तर सुरुवात कशी करू? जून-जुलैत तर आकाश बंद.

मैत्रेयी_ठाणे

त्रिपुरी पौर्णिमेला करा. पाऊस संपलेला असतो, आकाश धुतलेलं, आणि चंद्र कृत्तिकांच्या आसपास. पण पौर्णिमेच्या उजेडात कृत्तिका पटकन सापडत नाहीत, म्हणून आठवडाभर आधी काळोखात त्या ओळखून ठेवा, त्यांच्याखाली रोहिणीचा लाल तारा आहे तो खूण म्हणून धरा. कार्तिकी पौर्णिमेला सूर्य मावळताना पूर्वेला चंद्र येतो, तो कृत्तिकांच्या अलीकडे आहे का पलीकडे, हाताची मूठ लांब धरून किती मुठी, ते वहीत लिहा, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. मग २७ नक्षत्रांची यादी घेऊन कृत्तिकांपासून अर्धं चक्र मोजा, विशाखा-अनुराधाच्या आसपास याल, सूर्य तिथे. मग दिनदर्शिका उघडून ताडून बघा. पुढच्या वर्षी परत त्याच पौर्णिमेला करा, चंद्र सरकलेला दिसेल, आणि अधिक मास आला की परत जागेवर.

माती_आणि_वीट

आणि ढग असले तर वहीत तेही लिहा, ढग होते, पाहिलं नाही. बाजरीचा भाव पण लिहा त्याच पानावर.

बांधावरचा

लिहितो. बाजरी, कांदा दोन्हीचे भाव लिहितो आणि विहिरीचं पाणी पण. त्रिपुरी पौर्णिमेला इथेच टाकतो, ठाणे-पुण्यातून आणि ऑकलंडहून तुम्ही पण त्याच रात्रीच्या मुठी मोजून टाका, एकाच चंद्राची तीन-चार ठिकाणची नोंद होईल.